तीन उंदीर, एक वन बीएचके आणि पिंजऱ्याचा प्रश्न

प्रकरण ठाण्यातलं आहे. दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके, घरात आई, बाबा, आजी आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी. तिची एक मैत्रीण पीजी सोडून गावी गेली आणि जाताना तीन पाळीव उंदीर हिच्या गळ्यात मारून गेली. तिन्ही माद्या, दोन साधारण आठ महिन्यांच्या आणि एक अगदी कोवळी, सहा-सात आठवड्यांची. सोबत एक पोपटाचा पिंजरा. अठरा इंच लांब, अठरा इंच रुंद, चोवीस इंच उंच, वर सरकणारं छोटं दार, खाली जाळी आणि जाळीखाली ओढायचा पत्र्याचा ट्रे. म्हणजे आपल्याकडे पक्ष्यांच्या कुठल्याही दुकानात टांगलेला असतो तोच.

मी बरीच वर्षं उंदीर पाळतोय म्हणून ओळखीपाळखीतनं असे फोन येत असतात. या घरातून पहिला फोन मुलीचा नव्हता, बाबांचा होता. प्रश्न एकच, की छोटी रोज रात्री बाहेर कशी येते? त्यांना वाटत होतं की ती दार उचलते, आणि ते अगदीच चूक नव्हतं कारण वर सरकणारी दारं उंदीर नाकाने आणि पुढच्या पायांनी आरामात उचलतात, मी स्वतः पाहिलंय. म्हणून त्यांनी दाराला बाइंडिंग वायर गुंडाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी छोटी सोफ्याखाली आणि वायर जशीच्या तशी.

त्यांना म्हटलं पट्टी घ्या आणि दोन सळ्यांमधलं अंतर मोजा. पाऊण इंच भरलं, एकोणीस मिलिमीटर. विषय संपला. उंदराचं डोकं एकदा आत गेलं की बाकीचं अंग बऱ्याच वेळा मागून येतंच, लहान वयात तर नक्कीच. मोठ्या दोघी त्यातून जाऊ शकत नव्हत्या म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पिल्लं आणि माद्यांसाठी अंतर अर्धा इंच, म्हणजे बारा-तेरा मिलिमीटर, त्याच्या वर नको. पूर्ण वाढलेले नर असतील, पाचशे-सहाशे ग्रॅमवाले थोराड, तर एक इंचसुद्धा चालतं. पण मादी अडीचशे-साडेतीनशे ग्रॅमची, चण बारीक, तिच्यासाठी एक इंच म्हणजे उघडं फाटकच.

आता इथे बहुतेक लोक काय करतात तर त्याच पिंजऱ्याला बाहेरून बारीक जाळी बांधतात. एखाद्या आठवड्यासाठी ठीक आहे, त्या घरानेही तेच केलं. पण या पिंजऱ्याचा दोष एकटं अंतर नव्हता. घनफळ काढून बघा, अठरा गुणिले अठरा गुणिले चोवीस, भागिले सतराशे अठ्ठावीस, उत्तर साडेचार घनफूट. एका उंदराला किमान दोन ते अडीच घनफूट धरतात. तिघींना सहा ते साडेसात. म्हणजे जागाही कमी. त्यात खालची जाळी. दिवसभर तारेवर चालून, त्यातही तार मुताने ओली राहत असेल तर, उंदरांच्या तळपायाला फोड येतात, ते चिघळतात आणि बरे व्हायला महिनोन् महिने घेतात. मोठ्या दोघींपैकी एकीच्या मागच्या पायाला लालसर कडक ठिपका आलाच होता. जाळी काढून टाका, नाहीतर तिच्यावर पुठ्ठा आणि कापड टाका, हे त्याच दिवशी सांगितलं.

मग पर्याय शोधायला सुरुवात झाली आणि घरातला प्रत्येक जण आपापला पर्याय घेऊन आला.

मामांकडे माशांची रिकामी काचेची टाकी पडून होती, दोन फूट बाय एक फूट, उंची पंधरा इंच. फुकट, गळती नाही, सळ्यांची कटकट नाही, भुसा बाहेर उडत नाही, आणि बाबांना ती फार आवडली. वर जाळीचं झाकण ठेवून तिघींना तीन-चार दिवस तिथे हलवलंसुद्धा, मला न विचारता. मग फोन, की तिघींतल्या पांढरीच्या डोळ्यातून रक्त येतंय. ते रक्त नसतं. उंदराच्या डोळ्यामागच्या ग्रंथीतून पॉर्फिरिन नावाचा लाल रंगाचा स्राव येतो, ताण आला किंवा आजारपण असलं की जास्त येतो आणि डोळ्याभोवती, नाकाभोवती सुकतो. त्यासोबत शिंका असतील तर मात्र ऐकायचं. बहुतेक पाळीव उंदरांच्या श्वसनमार्गात मायकोप्लाझ्मा हे जंतू आधीपासून असतातच, एरवी गप्प असतात, पण हवा कोंदट झाली, मुताचा अमोनिया साठला की उचल खातात. काचेच्या टाकीत चारही बाजू बंद, हवा फक्त वरून, आणि महिना जुलैचा. ठाण्यात जुलैमध्ये वाळत घातलेला टॉवेल वाळत नाही तिथे टाकीतला भुसा काय वाळणार. शिवाय घनफळ अडीच घनफूट, म्हणजे हिशेबाने एकाच उंदराची जागा, आणि उंदीर एकटा ठेवायचा नसतो, तो कळपातला प्राणी आहे. टाकी मामांकडे परत गेली. भुसाही बदलला, कारण तो सुताराच्या दुकानातला होता, प्लायवूड कापलेला, बारीक धुळीचा. त्याजागी कागदाच्या गोळ्यांचं बेडिंग आलं. आठवडाभरात शिंका कमी झाल्या, तरी डॉक्टरांना दाखवून घ्या म्हटलं आणि त्यांनी दाखवलं. पक्षी आणि छोटे प्राणी बघणारा व्हेट शोधावा लागतो, कुत्र्या-मांजरांवालाच असेल तर तो स्वतःच सांगतो की मला यातलं फार कळत नाही.

दुसरा पर्याय आईचा, ऑनलाइन सशाचा पिंजरा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, प्लॅस्टिकचा खोल ट्रे, रंग सुंदर, किंमत बजेटमध्ये. घनफळ पावणेसात, म्हणजे कागदावर तिघींना पास. पण सळ्यांमधलं अंतर एक इंचाच्या वर, आणि बुटका. उंदीर चढणारा प्राणी आहे, त्याला उभी जागा लागते, दोरी, झोळी, फळ्या लागतात. ससा जमिनीवर राहतो म्हणून त्याचा पिंजरा आडवा असतो. शिवाय त्या ट्रेची कडा आतून उघडी होती, उंदराला दात लावायला अशी कडा मिळाली की दोन रात्रीत भोक. हॅमस्टरचे ते नळ्या-बिळ्या असलेले रंगीत डबे तर विचारूच नका, त्यात उंदराचं तोंडही नीट मावत नाही.

तिसरा पर्याय मुलीचा होता. अमेरिकेतल्या मिडवेस्ट कंपनीचा क्रिटर नेशन पिंजरा, ज्याचे व्हिडिओ बघून उंदीर पाळणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी हळहळतो. तीन फूट लांब, दोन फूट खोल, अर्ध्या इंचाच्या आडव्या सळ्या, पुढची अख्खी बाजू दोन दारांनी उघडते, दुमजली घेतला तर स्टँडसकट सव्वापाच फूट उंच. भारी आहे, खरंच भारी. पण इथे मागवायचा तर वाहतूक आणि कर धरून आकडा असा होतो की बाबांनी आकडा ऐकून फक्त चष्मा पुसला. बजेट होतं सहा हजार. आणि हॉलमध्ये सोफा आणि खिडकीच्या मधे जागा होती बत्तीस इंच, त्यात छत्तीस इंचाचा पिंजरा कुठून बसणार.

पण त्या व्हिडिओंचा एक मोठा उपयोग झाला, मुलीच्या डोक्यात दार पक्कं बसलं. माझं मत विचाराल तर पिंजरा बघताना लोक लांबी-रुंदी बघतात, मजले बघतात, रंग बघतात आणि दार सगळ्यात शेवटी बघतात, तेच आधी बघायला पाहिजे. सहा बाय सहा इंचाच्या दारातून तुम्ही वाटी आत ठेवाल, पण मागच्या कोपऱ्यातला ओला कागद काढणार कसा? हात कोपरापर्यंत आत, मनगट सळीवर घासतंय, उंदीर बाहीत शिरतोय. दोन आठवडे उत्साहाने होतं. मग रोजचं साफ करणं दिवसाआड होतं, दिवसाआडचं रविवारी होतं, मग वास सुटतो, मग घरातलं कोणीतरी म्हणतं की हे उंदीर कुणालातरी देऊन टाका. माझ्या पाहण्यात जितके उंदीर घर बदलून गेलेत त्यातले बरेचसे चावले म्हणून नाही गेले, वासामुळे गेले, आणि वास साफसफाईमुळे, आणि साफसफाई दारामुळे. या घरात तर आजी होत्या. त्यांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं, "गणपतीपुढे ठेवलाय तेवढा मला पुरे." त्यांच्या नाकापर्यंत वास गेला असता तर प्रकरण तिथेच संपलं असतं.

आजींना हे आजकालच्या पोरांचं फॅड वाटत होतं, तर त्यांना सांगितलं की हे फॅड राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं आहे. इंग्लंडमध्ये जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा होता, तो पकडलेल्यातले वेगळ्या रंगाचे उंदीर बाजूला ठेवून त्यांची पैदास करायचा आणि पाळायला विकायचा. पुढे 1901 साली आयल्सबरीच्या शोमध्ये पहिल्यांदा उंदरांचं प्रदर्शन झालं, मेरी डग्लस नावाच्या बाईंच्या खटपटीमुळे. आजींवर काडीचाही परिणाम झाला नाही.

शेवटी ठरलं बनवून घ्यायचं. स्टेशनजवळ ग्रिल आणि सेफ्टी डोअर बनवणारा एक फॅब्रिकेटर होता, बाबांच्या ओळखीतला. त्याचा पहिला प्रश्न, "साहेब, एवढा मोठा? किती उंदीर पकडायचेत?" पाळायचेत हे कळल्यावर त्याने दोनदा खात्री करून घेतली आणि मग मात्र इंटरेस्ट घेऊन काम केलं.

माप असं ठरलं: लांबी तीस इंच, खोली वीस, उंची छत्तीस. लांबी हॉलच्या कोपऱ्यामुळे. खोली वीस यासाठी की मुलीचा हात बाहेर उभं राहून मागच्या जाळीला टेकला पाहिजे, हे आम्ही दुकानातच लाकडी पट्टी धरून बघितलं. उंची छत्तीस कारण जाळीचा रोल तीन फुटी होता, कापाकापी वाचली. घनफळ साडेबारा घनफूट, तिघींना ऐसपैस आणि पुढेमागे अजून एखाददुसरी आली तरी चालेल. (येणारच. उंदीर दोन-तीन वर्षं जगतात, एक गेली की उरलेलीला सोबत लागते, असं करत करत माणूस दहा वर्षं उंदीर पाळतो.)

जाळीवर बराच खल झाला. फॅब्रिकेटर म्हणाला कोंबडीची षटकोनी जाळी लावतो, स्वस्त पडेल. नको. ती तार पातळ, नुसती पिळलेली असते, उंदीर ती सैल करतात आणि पायाची बोटं त्यात अडकतात. वेल्डमेश पाहिजे, प्रत्येक जोड वेल्ड केलेला, अर्धा बाय अर्धा इंच, तार जाड. मग प्रश्न जी.आय., म्हणजे जस्त चढवलेली, तशीच ठेवायची की रंगवायची. नुसत्या जी.आय.ला दोन अडचणी, एक तर जस्ताचा थर मुताने हळूहळू खराब होतो आणि मग ती जाळी कितीही धुवा वास धरून ठेवते, आणि दुसरं म्हणजे नव्या जाळीवर जस्ताचे सुटे कण, थेंब असतात, उंदीर जाळी कुरतडत बसला की ते पोटात जाऊ शकतात. साधा ऑइल पेंट तर नकोच, चार दिवसात पापुद्रे. म्हणून पावडर कोटिंग, म्हणजे भुकटीचा रंग भट्टीत भाजून पक्का बसवलेला. छोट्या कामासाठी कोटिंगवाला वेगळी भट्टी लावत नाही, दुसऱ्या कुणाचं काम असेल त्या रंगात आपलं घालून देतो, म्हणून या पिंजऱ्याचा रंग गर्द तपकिरी आहे, कुठल्यातरी बिल्डिंगच्या खिडक्यांसारखा. आईने नाक मुरडलं पण बरेच पैसे वाचले म्हटल्यावर गप्प बसल्या.

दारं पुढच्या बाजूला दोन, दोन्ही मिळून अख्खी बाजू उघडते. त्यातल्या एका दारात अजून एक छोटं दार, रोजचं खाणं द्यायला, कारण मोठं दार उघडलं की तिघी उंबरठ्यावर हजर. कड्या बाहेरून फिरवायच्या, साध्या खटक्याच्या नाहीत. वेल्डेड जाळीचं दार मोठं केलं की लोंबतं आणि मग खालच्या कोपऱ्यात फट पडते, म्हणून फॅब्रिकेटरला मधे आडवी पट्टी द्यायला लावली. दोन दारांच्या मधल्या फटीत मुलीने करंगळी घालून बघितली, गेली नाही, पास. वेल्डिंगचे टोकदार ठिपके हाताने चाचपून तीन ठिकाणी ग्राइंडर मारून घेतला, हे घरी आणल्यावर करता येत नाही.

तळाला जाळी नाहीच. चार इंच खोल पत्र्याचा ट्रे, पुढून पूर्ण बाहेर येणारा, त्यात बेडिंग. एवढी खोली असली की उंदीर कितीही उकरत बसले तरी हॉलभर कचरा होत नाही, जवळजवळ. पायाला ब्रेकवाली चाकं, केर काढताना ढकलायला. फॅब्रिकेटरने साडेसात सांगितले, सहा हजार दोनशेला झालं. बजेटच्या वर दोनशे, ते बाबांनी दिले आणि अजून ऐकवतात.

आतलं सामान मुलीने जमवलं आणि इथे फारसं सांगण्यासारखं नाही, एक गोष्ट सोडून. तीन फूट उंची मोकळी सोडायची नाही. उंदीर चांगला चढतो पण पडतोही, विशेषतः दोघी भांडताना. म्हणून एक फुटावर अर्धी फळी डावीकडे, दोन फुटांवर अर्धी फळी उजवीकडे, मधे झोळ्या, म्हणजे कुठूनही पडली तरी फुटा-सव्वाफुटाच्या आत काहीतरी मऊ. झोळ्यांना आईने जुन्या साडीचं कापड काढलं होतं, ते नको म्हटलं, सुटे धागे बोटांभोवती गुंडाळले जातात आणि रक्तपुरवठा बंद होतो. फ्लीसच्या ब्लँकेटचे तुकडे बरे, त्याला दशा सुटत नाहीत. पळायचं चाक घ्यायचं तर बारा इंचाचं, बिनसळ्यांचं, नाहीतर घेऊच नका, लहान चाकात पाठ वाकते. आणि ट्रेच्या एका कोपऱ्यात छोटी परात, तिच्यात एक गुळगुळीत दगड. उंदरांना दगडावर मुतायची आवड असते, का ते त्यांनाच माहीत, पण निम्मं काम तिथे होतं आणि तो दगड रोज धुतला की झालं.

पिंजरा ठेवायचा कुठे यावरून मात्र घरात खरं भांडण झालं. बाबा म्हणत होते बाल्कनीत. मी बाल्कनीच्या ठाम विरोधात. एक म्हणजे दुपारचं ऊन, उंदराला घाम येत नाही, अंगातली बरीच उष्णता तो शेपटीतून बाहेर टाकतो, पारा बत्तीसच्या वर गेला आणि हवा दमट असली की उष्माघाताची भीती, आणि ठाण्याचा मे महिना म्हणजे दोन्ही. दुसरं, तिघींपैकी एक पांढरी, लाल डोळ्यांची, तिला झगझगीत उजेड सोसत नाही. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, बाहेरचे उंदीर. ग्रिलमधून रात्री गटारातला उंदीर पाइपवरून चढून येतो, पिंजऱ्याजवळ मुतून जातो, आणि पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदराच्या मुतातून होणारा आजार, कसा पसरतो ते मुंबई-ठाण्याच्या लोकांना वेगळं सांगायला नको. पाळलेला उंदीर हा गटारातल्या तपकिरी उंदराचाच वंशज, त्यामुळे एकाचे आजार दुसऱ्याला आरामात लागतात. हे ऐकल्यावर आजींनीच निकाल दिला, "मग आत ठेवा, पण माझ्या पलंगापासून लांब."

तर पिंजरा हॉलच्या कोपऱ्यात आहे, पाठ भिंतीला, टीव्हीच्या समोर नाही, पंख्याचा झोत थेट नाही. टीव्ही-इन्व्हर्टरपासून लांब यासाठी की उंदरांना आपल्याला न ऐकू येणारे बारीक आवाजही ऐकू येतात. उकाडा वाढला की मुलगी गोठवलेली पाण्याची बाटली मोज्यात घालून तळाला ठेवते, तिघी तिला चिकटून झोपतात.

सहा-सात महिन्यांनी बघायला गेलो होतो. छोटी आता तिघींत सगळ्यात मोठी झालीय. पायाचा ठिपका गेलाय. कोटिंग दाराच्या एका कोपऱ्यात कुरतडलंय, तिथे छोटी रात्री दहाला उभी राहून जाळी वाजवते कारण तिला बाहेर सोडायची वेळ ती असते, आणि उघडी पडलेली तार गंजायला लागली की तो तुकडा बदलून घ्यावा लागेल असं सांगून आलो. फळ्या मरीन प्लायच्या केल्या होत्या, ती मात्र चुकीची निवड ठरली, कडांनी मूत शोषून काळ्या पडल्यात. आता जाड स्टीलच्या ट्रेचे भाव काढणं चालू आहे, भांड्यांच्या दुकानातला लांबट ट्रे वर कापड टाकून बसतो का ते बघतोय. शिवाय दोघी मोठ्या आता सव्वा वर्षाच्या पुढे गेल्यात. दोन वर्षांच्या आसपास बऱ्याच उंदरांचे मागचे पाय कमजोर होतात, तेव्हा वरची फळी काढून खाली आणायची आणि चढायला उतरती पट्टी द्यायची, म्हणून फॅब्रिकेटरकडून फळ्यांचे हुक आधीच वेगवेगळ्या उंचीला लावून घेतलेत.